अंगणातली रात्र: उन्हाळ्यात बाहेर झोपायचं तर

मे महिन्यात पुण्या-मुंबईची पाव्हणी गावाला आली, की पहिल्या रात्री जेवणं उरकल्यावर कुणीतरी म्हणतंच, "आज बाहेर झोपू या." मग दहाला अंगणात गाद्या येतात, साडेदहाला डास येतात, साडेअकराला कुत्री भांडतात आणि एकच्या सुमाराला एकेक जण उशी काखेत मारून गुपचूप आत पंख्याखाली जातो. सकाळी चहा पिताना म्हणायचं, "मस्त होतं हं, फक्त झोप नाही लागली."

यात अंगणाची काही चूक नाही. रात्री दहाला ठरवून बाहेर झोपता येत नाही, त्याची तयारी संध्याकाळी पाचपासून लागते. आमचं गाव बार्शीच्या पुढे, बालाघाटाच्या कडेला. होळीपासून मृगापर्यंत आम्ही बाहेरच झोपतो. त्या हिशेबाने सांगतो. कोकणात किंवा विदर्भात थोडं इकडचं तिकडे करून घ्या.

जागा आधी बघा

दिवसभर तापलेली दगडी भिंत रात्री बारापर्यंत वाफ सोडत राहते. भिंतीला चिकटून बाज टाकली की एका कुशीला भट्टी आणि दुसऱ्या कुशीला वारा. भिंतीपासून चार-पाच हात लांब या. पत्र्याच्या शेडपासून तर आणखी लांब.

झाडाखाली झोपू नका. दिवसा लिंबाची सावली गोड असते, पण रात्री गार करतं ते उघडं आभाळ. जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते, झाडाचं छत मध्ये आलं की ती तिथेच अडते. ढगाळ रात्री उकाडा जास्त होतो तोही यामुळेच. शिवाय लिंबावर बगळे वस्तीला असतील तर पहाटे तुमच्या चादरीवर नक्षी निघते. आमच्या एका मेहुण्यांना ती कपाळावर मिळाली आणि त्या वर्षी ते दोन दिवस आधीच परत गेले.

गच्ची चालेल, पण नवा स्लॅब दगडी भिंतीपेक्षाही जास्त वेळ तापलेला राहतो. दिवस मावळला की दहा-बारा बादल्या पाणी ओता, ते पूर्ण वाळू द्या, मग अंथरूण न्या असं आमचे आबा सांगायचे. ओल असताना अंथरलं तर खालून दमट वाफ येते आणि सकाळी पाठ धरते. गच्चीला कठडा नसेल तर तिथे पोरं झोपवू नका, मोठ्यांनीही कडेला झोपू नये. अर्धवट झोपेत लघवीला उठलेला माणूस पायऱ्यांची दिशा चुकतो.

सडा

पाचला अंगण झाडा आणि साडेपाच-सहाला सडा मारा. शेणाचा असेल तर उत्तम, नुसतं पाणी असलं तरी चालेल. मात्र अंगण भिजवायचं नाही, शिंपडायचं. हाताने फेकलेलं पाणी जमिनीवर पडून लगेच उडतं आणि उडताना जमिनीतली धग घेऊन जातं. पाइप लावून चिखल केलात तर रात्रभर डासांची जत्रा भरते.

पहिला शिपका तापल्या मातीवर पडला की जो वास येतो, तो मी शहरात पंधरा वर्षं शोधला. नाही मिळाला.

बाज

यात मात्र हयगय नको. गादी जमिनीवर टाकून बाहेर झोपणं आमच्याकडे आळशीपणाचं समजतात आणि त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

बाजा तीन-चार तऱ्हेच्या असतात. काथ्याची किंवा सुंभाची रुतते, पण तिच्यातून खालून वारा लागतो. सुती नवारीची मऊ असते, म्हाताऱ्या माणसांना तीच द्यावी, फक्त तिच्या घडीत ढेकूण लपतात. नायलॉनची दोरी स्वस्त आणि टिकाऊ, पण घामाने अंगाला चिकटते आणि उघड्या पाठीवर सकाळपर्यंत जाळीचा छाप उमटतो. हल्ली लोखंडी चौकटीवर प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या बाजा मिळतात. त्या हलक्या असतात, पण कूस बदलली की करकरतात आणि शेजारच्या बाजेवरचं माणूस जागं होतं.

बाज कसलीही असो, आवळलेली पाहिजे. सैल बाजेची झोळी होते, कंबर खाली जाते आणि दोन पोरं झोपवली तर दोघं घरंगळत मध्ये येऊन भांडतात. आवळायची पद्धत अशी. बाजेच्या पायथ्याला वीण संपते तिथून शेवटच्या लाकडापर्यंत वीतभर जागा मोकळी सोडलेली असते आणि तेवढ्या जागेत दोरीचे वेढे असतात. ताण द्यायचा तो तिथेच.

आबा हे काम एकट्याने करायचे. गाठ सोडायची, उजवा पाय पायथ्याच्या लाकडावर रोवायचा, पहिला वेढा दोन्ही हातांनी अंगाकडे ओढायचा. ओढून आलेली दोरी पुढच्या वेढ्यात सरकवायची, मग तो ओढायचा. आधीचा वेढा सुटू नये म्हणून एक लाकडी खुंटी त्यात खुपसून ठेवलेली असायची, वेढ्यागणिक ती पुढे सरकायची. शेवटच्या वेढ्याला गाठ मारली, की विणीवर तळहाताने थाप. आवाज 'धप्प' आला तर पुन्हा पहिल्यापासून. ढोलकीसारखा घुमला तर म्हणायचे, "झोपा आता." चौदा वेढे होते. मी कितीदा मोजलेत. त्यांच्यानंतर तीच बाज मी पहिल्यांदा आवळायला घेतली तेव्हा खुंटी लावायची विसरलो. दहाव्या वेढ्याला हात सुटला आणि सगळी दोरी सळसळत पहिल्यासारखी झाली.

ढेकूण असतील तर नुसतं ऊन दाखवून भागत नाही, ते फटीत आत सरकून बसतात. पाण्याला खळखळून उकळी आणा आणि लाकडाच्या सांध्यांवर, पायांच्या भोकांत बारीक धारेने ओता. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा, कारण अंडी राहिलेली असतात. मुंग्या चढत असतील तर चारही पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या ठेवा, सकाळी आठवणीने ओतून टाका.

आणि बाज दिवसा उभी करून ठेवायची, उलटी घालायची नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते अशुभ वाटतं. तुम्हाला वाटत नसलं तरी त्यावरून वाद घालू नका, मे महिन्यात तसंही सगळ्यांची डोकी तापलेली असतात.

अंथरूण

फोमची गादी आत ठेवा. बाजेवर एक सतरंजी, तिच्यावर पातळ वाकळ, बस. वाकळ जुन्या लुगड्यांची असेल तर तिच्यासारखं काही नाही. अंथरूण सातच्या सुमाराला टाकून उघडं ठेवा म्हणजे ते गार होतं. दिवसभर आत कपाटात तापलेली वाकळ दहाला आणून अंथरली तर निम्मी रात्र तिला गार करण्यातच जाते.

पायथ्याला एक जाडसर चादर घडी करून ठेवाच. संध्याकाळी पाव्हणी हसतात, "एवढ्या उन्हाळ्यात?" पण आमच्याकडे हवा कोरडी, तीन-साडेतीनला अशी गारवते की झोपेतच हात चादर शोधतो. हा एक तास खरा. त्याच्यासाठीच बाकी सगळं सोसायचं.

उशाला पाण्याचा तांब्या, त्यावर भांडं उपडं घालून. नाहीतर रात्री तहान लागल्यावर पाण्याबरोबर एखादा किडा पोटात जातो. तांब्याशेजारी बॅटरी. मोबाइलचा उजेड चालेल, पण तो हातात आला की एकीकडे डास आणि दुसरीकडे झोप गेली असं होतं.

डास

गोवरीच्या निखाऱ्यावर ओला लिंबाचा पाला टाकून धूर करतात. त्याने डास हटतात, माणसंही हटतात. दिवेलागणीला अर्धा तास करून मग विझवा. डासांची अगरबत्ती लावणार असाल तर बाजेखाली ठेवू नका, लोंबणारी चादर पेटते.

खरा उपाय मच्छरदाणी. चार बांबूच्या काठ्या बाजेच्या चार पायांना सुतळीने घट्ट बांधा, वरच्या टोकांना दाणीच्या चार नाड्या. काठ्या डुगडुगत असतील तर डोक्याकडच्या दोन वर एकमेकींना आडव्या काठीने जोडा. दाणी अंधार पडायच्या आत लावायची आणि कडा सगळ्या बाजूंनी अंथरुणाखाली खोचायच्या. उशिरा लावली तर डास आत, तुम्ही आत आणि दार बंद. कुठे भोक असेल तर सुई-दोरा घ्या. रबरबँड आवळूनही काम भागतं.

दाणीने वारा थोडा अडतो, हे खरं. बाहेर पंखा लावायचा मोह होतो. वायर सडा टाकलेल्या ओल्या जमिनीवरून नेऊ नका आणि जोड दिलेली वायर तर अजिबात नको.

मलेरियाचा डास रात्री चावतो, डेंग्यूचा दिवसा. म्हणजे दाणी लावून निम्मंच काम झालं. अंगणातले रांजण, गुरांची टाकी, कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून कोरडं करायचं.

विंचू आणि मण्यार

इथे थोडं थांबून वाचा.

उन्हाळ्यात विंचू गारव्याला बाहेर निघतो. मोठी काळी इंगळी बघून सगळे ओरडतात, पण ती दिसते तेवढी जीवघेणी नसते. भीती धरावी ती बोटभर लांबीच्या लाल विंचवाची. त्याचा डंख झाल्यावर नुसतं दुखत राहिलं तर वेगळी गोष्ट, पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं, धाप लागणं यातलं काहीही दिसलं, विशेषतः लहान पोरात, तर तासभरही वाट बघायची नाही. एके काळी या विंचवाने कोकणात आणि देशावर कितीतरी पोरं नेली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरचं 'प्राझोसिन' नावाचं औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि चित्र बदललं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हे औषध डॉक्टरच्या हातूनच घ्यायचं असतं, घरात आणून ठेवायचं नाही. उतारा घालणाऱ्याकडे गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही.

विंचू शोधायची एक युक्ती मला अलीकडे कळली. नोटा तपासायला दुकानदार जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी वापरतात ना, ती अंधारात अंगणावर फिरवा. विंचवाची पाठ त्या उजेडात हिरवट-निळी चमकते. पहिल्या रात्री मी ती सरपणाच्या ढिगावर मारली आणि एकदम तीन चमकले. तेव्हापासून सरपण गोठ्याच्या मागे गेलं.

मण्यार हा दुसरा विषय. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. मण्यार रात्री चुपचाप फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा चावल्याचं कळत नाही, सूज येत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला उन्हाळ्या-पावसाळ्यात असं झालं तर आधी मण्यारीची शंका घ्या आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल ती गाडी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, म्हणून साप मारून, पिशवीत घालून न्यायची गरज नसते. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने करकचून बांधायचं नाही. माणसाला चालवायचं नाही.

बाज हवी, दाणी खोचलेली हवी, हे मी म्हणत होतो ते यासाठी. उंच बाज आणि चारही बाजूंनी खोचलेली दाणी असेल तर यातलं बहुतेक टळतं. चादर किंवा दाणीची कड जमिनीला टेकत असेल तर तीच शिडी होते. धान्याची पोती, कडब्याची गंजी यांच्यापासून लांब झोपा, तिथे उंदीर येतात आणि उंदरामागे साप. रात्री उठलात तर आधी बॅटरी, मग चप्पल झटकून पाय खाली.

घोंगडीवर साप येत नाही असं आमच्याकडे म्हणतात. घोंगडी चांगलीच असते, पण भरवसा दाणीवर ठेवा.

कोण कुठे

बाजा लावताना दक्षिणेकडे पाय नकोत, असं घरात सांगतात. त्याहून मोठा प्रश्न घोरणाऱ्यांचा. घोरणारा काका वाऱ्याच्या खालच्या अंगाला, फाटकाजवळ. चोरालाही धाक राहतो. पोरं मध्ये. रात्री दोनदा उठणारी म्हातारी माणसं पायवाटेच्या बाजूला, म्हणजे कुणाच्या बाजेला ठेचकाळत नाहीत.

एक गोष्ट बोलून टाकतो. या सुखात बायकांच्या वाट्याला कायम कमी आलं. आई आणि काकू मागच्या पडवीत, दार अर्धं लोटून झोपायच्या, वारा लागो न लागो. चार वर्षांपूर्वी आम्ही मागच्या परसाला पुरुषभर उंच कुड घातला आणि दोन बाजा तिकडे टाकल्या. काकू साठीत पहिल्यांदा उघड्यावर झोपली. सकाळी म्हणाली, "तुम्ही लोक एवढी वर्षं हे एकटेच खात होता व्हय?"

पाठीवर पडून

दाणीतून तारे दिसतात, पुसटसे. झोप यायच्या आधी थोडा वेळ डोक्याकडची बाजू वर टाका.

उत्तरेकडे तोंड करा. ध्रुव हा मोठा तारा नाही, शोधावा लागतो. आपण विषुववृत्ताच्या जितके अंश उत्तरेला, तितकाच तो क्षितिजाच्या वर असतो. बार्शीकडे सुमारे १८ अंश. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश, म्हणजे दोन मुठींना जरा कमी. त्याच्या वर सप्तर्षी. आजी त्यांना म्हातारीचं बाजलं म्हणायची, चौकोनाचे चार तारे हे बाजेचे पाय आणि मागचे तीन म्हणजे ती ओढून न्यायला आलेले चोर. विदर्भातल्या गोंडांतही सप्तर्षींची हीच गोष्ट सांगतात, खाट आणि तीन चोर. आपण बाजेवर पडून वरची बाज बघायची, याची मला लहानपणी फार गंमत वाटायची. रोज सकाळी उठून आपली जागेवर आहे का ते बघायचो.

त्या तीन चोरांची कमान तशीच पुढे ओढत नेली की नारिंगी झाकेची स्वाती लागते आणि आणखी पुढे पांढरीशुभ्र चित्रा. मेच्या मध्यावर रात्री अकराच्या सुमाराला स्वाती जवळजवळ बरोबर डोक्यावर असते. आग्नेयेला वृश्चिक चढत असतो, आकड्यासारखी शेपूट आणि मध्ये तांबडी ज्येष्ठा. हा विंचू निरुपद्रवी. पौर्णिमेच्या अलीकडे-पलीकडे मात्र तारे विसरा, चांदणं तोंडावर येतं. डोळ्यांवर पंचा टाका.

आवाज

कुत्री भांडणार. एक टिटवी अर्ध्या रात्री ओरडत जाणार आणि काकू "अपशकुनी मेली" म्हणणार. टिटवी जमिनीवर अंडी घालते, जवळून काही गेलं की ओरडते, एवढंच. पिंगळा तारेवर बसून चिरचिर करतो. लग्नसराईत लांबच्या गावचा डीजे वाऱ्यावर येतो. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, पण नवरदेवाला ती कुठली माहीत असायला. आणि रात्रपाळीची लाईट असली तर दोनला कुणाच्या तरी विहिरीवर मोटार सुरू होते. यावर उपाय नाही, तीन-चार रात्रींत कान आपोआप सरावतात. पाव्हणी दोनच रात्री राहतात, म्हणून त्यांची तक्रार तशीच राहते.

मेच्या अखेरीला पावशा ओरडायला लागतो, रात्री-पहाटेसुद्धा. "पेरते व्हा, पेरते व्हा." शेतकऱ्याच्या बाजेवरची झोप मग तशी हलकीच होते.

सकाळचं गणित पक्कं आहे. पावणेसहाला उजाडतं, सहाला माशा. दाणीत असाल तर साडेसहापर्यंत ढकलता येतं. त्याहून जास्त झोपलात तर वासरू येऊन पाय चाटतं.

वळीव आला तर

दुपारी ढगांचे डोंगर चढले, संध्याकाळी वारा पडला आणि अंग चिकचिकलं, तर त्या रात्री दाणीच्या गाठी सुरगाठीच्या मारा, एका ओढीत सुटणाऱ्या. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं 'दामिनी' नावाचं मोबाइल ॲप आहे, ते जवळपास वीज पडण्याची सूचना देतं. घरात एकाच्या तरी फोनमध्ये ते ठेवा. गडगडाट ऐकू आला की चर्चा नको, सरळ आत. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडखालीही नाही.

पण होतं असं, की आधी वावटळ येते, धुळीने तोंड भरतं, मग टपोरा थेंब कपाळावर. कुणीतरी "उठा रे" ओरडतं आणि अंधारात सगळे एकमेकांच्या वाकळा ओढतात. आमच्याकडे कामं वाटून दिलेली आहेत. पोरांना आई उचलते, अंथरुणं मी आणि भाऊ, तांब्या-बॅटरी काकू. बाजा शेवटी. दोन आत येतात, तिसरी दारात आडवी अडकते, चौथी भिजते.

भिजलेली बाज दुसऱ्या दिवशी उन्हात टाकू नका. सुंभ आखडतो, लाकूड पिळवटतं आणि चारांतला एक पाय जमिनीवरून उचलला जातो. सावलीत वाऱ्याला उभी करा, दोन दिवस लागले तरी चालतील. तरीही डुगडुगलीच, तर त्या पायाखाली दगडाची एक चपटी कपची सरकवा. आमच्या आबांच्या बाजेखाली गेली अकरा वर्षं तीच कपची आहे. अंगण झाडताना ती कचऱ्यात जाऊ नये म्हणून काकू तिला कोनाड्यात, देवाच्या दिव्याशेजारी ठेवते.